गुरुवारचा अर्धा तास: पॉवर पॉप सेगमेंटची ताजी खबर

नवीन मंडळींसाठी आधी एका दमात सांगते. मध्य न्यू जर्सीतल्या एका लो पॉवर एफएम केंद्रावर दर गुरुवारी रात्री आठ वाजता माझा अर्ध्या तासाचा सेगमेंट असतो. इंडी (म्हणजे छोट्या, स्वतंत्र कंपन्यांचं संगीत) आणि पॉवर पॉप (दणदणीत गिटार, गोड चाली), बाकी काही नाही. दोन तासांच्या एका जुन्या रॉक कार्यक्रमाच्या पोटात तो बसवलाय. मुख्य होस्ट सत्तरीचे गृहस्थ आहेत, मी त्यांची पाहुणी. पगार कुणालाच नाही, कॉफीसुद्धा आपापली आणायची. लो पॉवर म्हणजे जास्तीत जास्त १०० वॉट, एफसीसीच्या (अमेरिकेतल्या रेडिओ नियामकाच्या) हिशेबात साधारण साडेतीन मैलांची त्रिज्या. रूट १ वरून गाडी थोडी पुढे गेली की खरखर सुरू. पण इंटरनेटवर स्ट्रीम आहे, त्यामुळे मिरजेची माझी मावशीही ऐकते. तिच्याकडे तेव्हा शुक्रवारची पहाट असते: उन्हाळ्यात साडेपाच, आणि इथली घड्याळं मागे गेली की साडेसहा.

या खेपेची मोठी बातमी म्हणजे न्यू जर्सीतल्या बँडची विशेष मालिका पार पडली. तिच्याबद्दल सविस्तर लिहायचंच आहे, पण आधी वेळेचं आणि आवाजाचं बोलू, कारण सगळा घाम तिथेच गळतो.

अर्ध्या तासात पूर्ण अर्धा तास कधीच हाती लागत नाही. आठच्या ठोक्याला केंद्राची ओळख सांगावी लागते, कॉल साइन (केंद्राची नेमून दिलेली अक्षरं) आणि त्याला लागूनच गावाचं नाव, मध्ये फार तर परवानाधारकाचं नाव किंवा फ्रिक्वेन्सी. मग सहाय्य करणाऱ्या दुकानाचा उल्लेख. तोही जाहिरातीसारखा करायचा नाही, 'या, घ्या, स्वस्त आहे' असलं काही ना-नफा केंद्रावर चालत नाही. हे सगळं वजा जाता सत्तावीस मिनिटं उरतात. पॉवर पॉपचं गाणं तीन मिनिटांच्या आसपास आटपतं, म्हणजे आठ गाणी आणि तीनेक मिनिटं माझं बोलणं. प्रोग्रेसिव्ह रॉकवाले आमचे एक सहकारी आहेत, त्यांचं एकच गाणं वीस मिनिटं चालतं आणि ते निवांत जेवून येतात. आपल्या नशिबी ते सुख नाही. एक गाणं लागलं की लगेच पुढचं क्यूवर घ्यायचं (हवेत न जाता फक्त स्वतः ऐकायचं), हेडफोनच्या एका कानात हे आणि दुसऱ्या कानात ते.

गाणी निवडणं ही गंमत आहे. खरं काम दोन गाण्यांच्या मधे असतं, हे मला आता पक्कं पटलंय. या प्रकारातली गाणी दारातच अंगावर येतात. रास्पबेरीजचं १९७२ चं 'गो ऑल द वे' घ्या. सुरुवातीला दणदणीत गिटार, वाटतं आता कुणीतरी ओरडणार, आणि तेवढ्यात एरिक कारमेनचा आवाज इतका मऊ येतो की बीच बॉइजची आठवण व्हावी. क्लीव्हलंडच्या या मंडळींना पॉवर आणि पॉप हे दोन्ही शब्द एकाच गाण्यात दाखवायचे होते की काय कोण जाणे. (पॉवर पॉप हा शब्दप्रयोग १९६७ चा, पीट टाउनशेंडने मुलाखतीत 'द हू'च्या संगीताबद्दल वापरलेला.) अशा गाण्याच्या सुरुवातीवर निवेदकाने बोलायचं म्हणजे त्या दणक्यावर माती टाकणं. व्यावसायिक रेडिओवाले गायकाचा पहिला शब्द येईपर्यंत तोंड चालू ठेवतात आणि नेमकं त्या क्षणी थांबतात. त्यात कसब आहे, मान्य. पण इथे मी तो मोह सोडून दिलाय. सुरुवात कोरी सोडायची, बोलायचं ते दोन-तीन गाणी झाल्यावर.

माझी आवडती जोडणी आता अशी जमते: आधीचं गाणं हळूहळू विरत संपणारं असावं आणि पुढचं बास गिटारवर सुरू होणारं. स्मिदरीन्सचं 'ब्लड अँड रोझेस' मायक मेसारोसच्या बासवर उभं आहे. आधीच्या गाण्याचा कोरस विरायला लागला की उजव्या बोटाने नवा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) अर्ध्यावर आणायचा, बासची पहिली फेरी त्या विरण्याखालून येऊ द्यायची आणि मग एकदम पूर्ण वर. डावा फेडर खाली ओढायचा नाही, तो स्वतःच विरतोय, त्याला घाई करायची गरज नसते. दोन्ही गाण्यांचा ठेका जवळपास हवा, नाहीतर दोन वराती एकाच चौकात आल्यासारखं होतं. दणकन संपणाऱ्या गाण्यानंतर मात्र उलट करते. अर्धा श्वास शांतता, मग पुढचं. ही शांतता मुख्य होस्टना सुरुवातीला सोसवत नसे, रेडिओवर शांतता म्हणजे पाप असं त्यांचं शिक्षण. हल्ली काही म्हणत नाहीत.

आवाजाच्या पातळीचा त्रास तुमच्यापैकी घरी मिक्स करणाऱ्यांना माहीत असेल. इंडीत तो दुप्पट. इलिनॉयमधल्या झायन गावच्या 'शूज' या बँडने १९७७ चा 'ब्लॅक व्हायनल शूज' घरच्या दिवाणखान्यात चार ट्रॅकच्या मशिनवर मुद्रित केला. गिटारची भिंत आणि तिच्या आत कुजबुजल्यासारखे आवाज. तो ऐकल्यावर पुढच्याच मिनिटाला नव्वदच्या दशकाअखेरची ठासून भरलेली सीडी लागली तर गाडीतला माणूस दचकतो. म्हणून प्रत्येक फाइल घरीच ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन मायनस १८ लफ्सवर (लफ्स म्हणजे कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणून ठेवते. तरी एक गोष्ट घरी कळत नाही. ट्रान्समीटरच्या आधी जो प्रोसेसर असतो तो हळू आवाज आपणहून वर उचलतो, आणि त्याबरोबर टेपची सरसरही उचलतो. स्टुडिओच्या स्पीकरवर जे गाणं छान वाटतं ते हवेतून येताना पावसात भिजल्यासारखं येतं. उपाय साधा: गाडीत बसून केंद्र लावून ऐकणं. शूजच्या बाबतीत मी ती सरसर तशीच सोडली. त्या रेकॉर्डचं घर ऐकू येतं तिच्यात.

आता जर्सी मालिका.

पॉवर पॉप म्हटलं की लोक लॉस एंजेलिस, मेम्फिस, फार तर ग्लासगोचं नाव घेतात. आपण ज्या टर्नपाइकला, म्हणजे इथल्या टोलच्या महामार्गाला, रोज शिव्या घालतो तिच्या दोन्ही अंगांना केवढा माल पडलाय हे इथल्याच लोकांना ठाऊक नसतं. कार्टरेटच्या तिघा मुलांना स्कॉच प्लेन्सचा पॅट डिनिझिओ भेटला आणि १९८० मध्ये स्मिदरीन्स तयार झाले. त्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या लेबलवर (रेकॉर्ड कंपनीच्या नावाने) चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड काढली. चारही गाण्यांच्या नावात 'गर्ल' आहे! मोठं नाव व्हायला 'एस्पेशली फॉर यू' या १९८६ च्या अल्बमपर्यंत थांबावं लागलं. डिनिझिओ २०१७ च्या डिसेंबरमध्ये गेला. बँड अजून वाजवतो, गायला कधी मार्शल क्रेनशॉ येतो, कधी जिन ब्लॉसम्सचा रॉबिन विल्सन.

होबोकेनला मॅक्सवेल्स होतं. मॅक्सवेल हाउस कॉफीच्या कारखान्यातले कामगार जिथे बसायचे ती खानावळ, १९७८ पासून तिच्या मागच्या खोलीत बँड वाजू लागले. रिचर्ड बॅरोनचे बाँगोज तिथलेच. ३१ जुलै २०१३ ला ती जागा बंद झाली तेव्हा शेवटच्या रात्रीही बाँगोज होते. मी त्या खोलीत एकदाच गेले होते. लोकलच्या दुसऱ्या वर्गाच्या डब्यापेक्षा फार मोठी नसावी, आणि गर्दीही तशीच. गायकाच्या गिटारची मूठ पुढच्या माणसाच्या कपाळापासून हातभर.

हेलडनच्या फीलीज या बँडला मी मालिकेत घेतलं आणि त्यावरून फोन आला. कॉलरचं म्हणणं, १९८० चा 'क्रेझी ऱ्हिदम्स' हा पॉवर पॉप नाहीच, त्यात कोरस कुठाय, नुसती धावणारी गिटार. मुद्दा बिनचूक आहे. पण माझा सेगमेंट इंडी आणि पॉवर पॉप असा जोडनावाचा आहे, आणि त्या 'आणि'मध्ये मी पुष्कळ काही बसवून घेते. त्यांना तसं सांगितलं, ते हसले, मग दहा मिनिटं त्यांनी मला सांगितलं की पॉवर पॉप खरा बॅडफिंगर या बँडपाशीच संपला. या प्रकाराचे चाहते असेच असतात. व्याख्येवरून भांडतील, पण भांडण संपल्यावर तुमच्यासाठी दुर्मिळ रेकॉर्डची फाइल पाठवतील. त्यांनी पाठवलीच.

फाउंटन्स ऑफ वेन हे नाव वेन गावात रूट ४६ वर असलेल्या दुकानाचं, बागेत ठेवायचे पुतळे आणि कारंजी विकणाऱ्या. दुकान २००९ मध्ये बंद झालं. बँडमधला अ‍ॅडम श्लेसिंजर मॉन्टक्लेअरला वाढला. 'दॅट थिंग यू डू!' या १९९६ च्या चित्रपटाचं शीर्षकगीत त्याचं, ऑस्करचं नामांकन मिळालेलं. चित्रपटात एका काल्पनिक बँडचं १९६४ चं हिट गाणं म्हणून तेच पुन्हा पुन्हा वाजतं आणि तरी कंटाळा येत नाही, ही परीक्षा किती चाली पास होतील सांगा. १ एप्रिल २०२० ला कोविडने तो गेला, वय ५२. त्या गुरुवारी मी बोलणं कमी केलं आणि गाणी जास्त लावली.

आणि हे मुख्य होस्टकडून कळलेलं: एडिसनच्या शेजारी, साउथ प्लेनफील्डमध्ये, सत्तरच्या दशकात जेम रेकॉर्ड्सचं बस्तान होतं. ब्रिटनहून रेकॉर्ड आयात करून अमेरिकाभर दुकानांना पुरवायचे. तिथून ओक ट्री रोडवर मिसळ खायला जायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. तेव्हा अर्थात मिसळ नव्हती. आयातीचं महत्त्व कशासाठी? तर रेकॉर्ड दुकानात पोचली नाही तर बाकी सगळं फुकट. बिग स्टार या बँडचं हेच झालं. मेम्फिसच्या आर्डेंट स्टुडिओत १९७२ ला पहिला अल्बम केला, समीक्षकांनी डोक्यावर घेतला, रेडिओवर ऐकून लोक दुकानात गेले तर रेकॉर्डच नाही. वितरण स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीकडे, ते साफ कोलमडलं. १९७४ च्या दुसऱ्या अल्बमच्या वेळी स्टॅक्स आणि कोलंबियाचं भांडण आडवं आलं. म्हणून आपल्या या प्रकारात 'हे कोण होते?' हा प्रश्न दर गाण्याला येतो.

त्याच्यावरून माझ्या निवेदनाबद्दल. तीन गाणी झाली की मी प्रत्येकाचं नाव, बँड, गाणं कुणी लिहिलं, कुठल्या लेबलवर आणि कुठल्या गावात, एवढं सांगते. इथल्या लोकांना ते जुन्या फ्रीफॉर्म रेडिओसारखं (निवेदक मनाला येईल ते लावायचा तसल्या) वाटतं. खरं म्हणजे ते विविध भारतीचं आहे. चित्रपट अमुक, गीतकार तमुक, संगीत यांचं, आवाज यांचा, मग फर्माइश करणाऱ्यांची गावं. लहानपणी रोज कानावर पडलेली ही शिस्त गुरुवारी माझ्या तोंडून इंग्रजीत बाहेर पडते. इथे तिला आणखी एक कारण आहे. अमेरिकेत एफएमवर गाणं वाजलं तर गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला काहीच नाही. स्ट्रीमचे मात्र मिळतात, आणि त्यासाठी कलाकार, गाणं, अल्बम, लेबल अशी नोंद ठेवावी लागते. तो तक्ता भरायला बाकीचे स्वयंसेवक कंटाळतात. मला तो भरायला आवडतो, कारण माझं निवेदन त्यातूनच तयार होतं.

मावशीचा अभिप्राय दर शुक्रवारी व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. सुरुवातीला, "गाणी बरी आहेत गं, पण नावं अशी काय घाईत घेतेस? आगगाडी सुटणार आहे का?" मग मी नावांच्या आधी क्षणभर थांबायला लागले. परवाचा निरोप: "आता कळतात नावं. त्या न्यूझीलंडच्या मुलीचा आवाज गोड आहे, तिचं आणखी लाव." म्हणजे ऑकलंडच्या द बेथ्सची एलिझाबेथ स्टोक्स. मावशीचा कान चांगला आहे, ती शास्त्रीय शिकलेली. बेथ्सचे मागचे आवाज कसे आळीपाळीने पुढे येतात हे तिने मला दाखवलं, मी नुसतीच गिटारकडे लक्ष देत होते.

पुढचा टप्पा बायकांच्या बँडचा. गो-गोज आहेतच. १९८१ चा त्यांचा 'ब्यूटी अँड द बीट' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, आपली गाणी आपणच लिहून आपणच वाजवणाऱ्या बायकांच्या बँडला तोवर ते जमलं नव्हतं. पण त्यांना सगळे ओळखतात, त्यामुळे ओसाकाच्या शोनेन नाइफपासून सुरुवात करायचा विचार आहे. अडचण अशी की स्ट्रीमच्या नियमानुसार तीन तासांत एका कलाकाराची चारच गाणी, त्यातही सलग तीनच, आणि एका अल्बममधली तीन, सलग दोन. अर्ध्या तासात एवढं लागत नाही म्हणा, पण मुख्य होस्टही त्याच रात्री गो-गोज लावायच्या बेतात असतात, म्हणून आधी त्यांच्याशी बोलून घ्यावं लागेल.

बँडकॅम्पवर (बँड आपली गाणी स्वतः विकतात ती वेबसाइट) गेल्या पाच-सात वर्षांतले बायकांचे पॉवर पॉप बँड माहीत असतील तर कळवा. दोन अटी: गाणं साडेतीन मिनिटांच्या आत हवं, आणि शिवी नको, आमची वेळ आठची आहे, दहाच्या आधी ते चालत नाही. कुठल्या गुरुवारी कुठलं गाणं लागेल ते मात्र विचारू नका, यादी आधी जाहीर करायला स्ट्रीमच्या परवान्यात मनाई आहे.