इन्यो काउंटी: जमीन इथली, मालक लॉस एंजेलिस

लॉस एंजेलिसहून हायवे ३९५ने उत्तरेकडे निघालं, की डावीकडे सिएरा नेवाडा आणि उजवीकडे इन्यो पर्वत. मधल्या ओवेन्स खोऱ्यातच कॅलिफोर्नियातल्या इन्यो काउंटीची बहुतेक वस्ती. काउंटी पसरली आहे २६ हजार चौरस किलोमीटरांवर (आपला सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर, तो १७ हजार), माणसं मात्र जेमतेम १९ हजार. ४,४२१ मीटर उंचीचं माउंट व्हिटनी इथलंच, आणि समुद्रसपाटीपासून ८६ मीटर खाली असलेलं डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटरही इथलंच.

मी आधी थांबलो इंडिपेंडन्सला. गाव एवढंसं, पण काउंटीचं मुख्यालय हेच. पहिलं कोर्ट १८७२च्या भूकंपात पडलं, दुसरं १८८६च्या आगीत गेलं; आजची खांबांची भारदस्त इमारत १९२१ची. इथे कलेक्टर नाही. कारभार पाहणारे पाच सुपरवायझर निवडून येतात, पोलिसांचा प्रमुख असलेला शेरीफ आणि सरकारी वकीलही मतं मागूनच खुर्चीवर बसतात. लोकशाही अगदी दारापर्यंत आलेली, पण तिच्या हाती जमीन किती? खासगी मालकीची दोन टक्क्यांहूनही कमी. बाकी बहुतेक केंद्र सरकारची, आणि खोऱ्यातली मोक्याची लॉस एंजेलिस शहराची!

इथल्या मूळच्या पायूट लोकांनी पूर्वीच पाट काढून हे खोरं भिजवलं होतं. पुढे गोरे शेतकरी आले, आणि मग शहराची माणसं गुपचूप जमिनी व पाण्याचे हक्क विकत घेत फिरली. १९१३मध्ये ओवेन्स नदीचं पाणी लॉस एंजेलिसला नेणारा, शहराचा इंजिनियर विल्यम मुलहोलंडचा कालवा सुरू झाला. १९२४च्या नोव्हेंबरात चिडलेल्या शेतकऱ्यांनी कालव्याच्या अलाबामा गेट्स या दरवाजांचा ताबा घेतला आणि चार दिवस पाणी परत नदीत सोडलं. मला तर हा इथल्या इतिहासाचा सगळ्यात देखणा प्रसंग वाटतो. शेवटी जिंकलं शहरच.

मान्झनारच्या फळबागाही शहराने घेतल्या, गाव उठलं. १९४२मध्ये, जपानशी युद्ध सुरू असताना, त्याच जागेवर लष्कराने दहा हजारांवर जपानी वंशाच्या लोकांना काटेरी तारांत डांबलं. त्यांतले बरेचसे अमेरिकन नागरिकच होते.

लोन पाइन गावाच्या दक्षिणेला ओवेन्स तलाव लागतो. नदी वळवल्यावर तो आटला आणि त्याच्या तळाची धूळ उडून लोकांच्या छातीत जायला लागली. आता ती धूळ बसवण्यासाठी शहराला आपल्याच कालव्यातलं पाणी तलावात सोडावं लागतं, अब्जाहून अधिक डॉलर खर्चून. शिवाय जमिनींवरचा मालमत्ता करही याच काउंटीला भरावा लागतो.