फसलेल्या अपग्रेडनंतर सी ड्राइव्ह मोकळा करताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ला मिळणारा सर्वसाधारण आधार संपला आणि अजून नीट चालणाऱ्या कितीतरी लॅपटॉपवर विंडोज ११ चढवण्याची घाई सुरू झाली. यांतील अनेक लॅपटॉपमध्ये १२८ किंवा २५६ जीबीचीच एसएसडी असते. त्यामुळे अपग्रेड मध्येच फसून जुनी प्रणाली परत आली, की सी ड्राइव्ह भरत आल्याचे दाखवणारा लाल पट्टा आधी डोळ्यांत भरतो आणि दिसेल ते पुसून टाकावेसे वाटते. माझा आग्रह मात्र असा, की पुसण्यापूर्वी अपग्रेड का फसले ते वाचून घ्यावे. कारण त्याची नोंद बव्हंशी जागा अडवून बसलेल्या फोल्डरांतच असते.

सी ड्राइव्हवर '$विंडोज.~बीटी' नावाचा एक लपवलेला फोल्डर तयार झालेला असतो. नव्या प्रणालीच्या फाइली त्यात उतरवलेल्या असतात आणि त्याने कित्येक जीबी जागा व्यापलेली असते. त्यातील 'सोर्सेस'मध्ये 'पँथर' आणि 'रोलबॅक' हे उपफोल्डर असतात. सेटअपने टप्प्याटप्प्याने काय केले आणि माघार का घेतली, हे तेथील लॉग फाइलींत लिहिलेले असते. हे दोन उपफोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घेणे मी अनिवार्य मानतो. १९००१०१ने संपणारा त्रुटी-कोड बहुधा एखाद्या ड्रायव्हरकडे (हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) बोट दाखवतो, तर ८००७००७० हा कोड जागाच अपुरी असल्याचे सांगतो. या दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत, आणि कारण न कळता नुसती जागा मोकळी केली तर पुढचा प्रयत्नही त्याच ठिकाणी अडकण्याची शक्यता राहते.

नोंदी सुरक्षित झाल्या, की आधी संगणक रीस्टार्ट करावा. मागच्या प्रयत्नाची साफसफाई अर्धवट राहिली असेल तर १९००१०७ने संपणारा कोड येतो आणि कित्येकदा तेवढ्या रीस्टार्टनेच तो अडथळा दूर होतो. त्यानंतर 'डिस्क क्लीनअप' उघडून 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' हे बटण दाबावे. ते दाबल्याशिवाय 'टेम्पररी विंडोज इन्स्टॉलेशन फाइल्स' हा पर्याय यादीत दिसत नाही. '$विंडोज.~बीटी'सारखे फोल्डर एक्सप्लोररमधून हाताने पुसू नयेत, असे माझे ठाम मत आहे. त्यांतील बऱ्याच फाइलींवर प्रणालीचीच मालकी असते आणि मालकी बदलून, परवानग्या ओढून घेऊन केलेली साफसफाई अर्धवट राहिली, तर नवेच प्रश्न उभे राहतात. सेटिंग्जमधील 'स्टोरेज'खालच्या 'टेम्पररी फाइल्स'मधूनही हे काम होते, परंतु तेथील यादीत 'डाउनलोड्स' हाही पर्याय असतो. त्यावर खूण केली तर बँकेची विवरणपत्रे, मुलांचे दाखले असे आपण स्वतः उतरवून घेतलेले सारे पुसले जाते. म्हणून प्रत्येक खूण वाचूनच पुढे जावे.

'विंडोज' फोल्डरमधील 'विनएसएक्सएस' या, प्रणालीचे घटक साठवणाऱ्या फोल्डरचा आकार पाहून अनेकांना धक्का बसतो. तो आकार फसवा असतो. एकच फाइल हार्ड लिंकमुळे, म्हणजे तिला दिलेल्या दुसऱ्या नावामुळे, दोन ठिकाणी दिसते आणि एक्सप्लोरर ती दोनदा मोजतो. हा फोल्डर कधीही पुसू नये. त्याचा खरा आकार कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवायच्या 'डिझम' या आज्ञेतील 'अ‍ॅनलाइझ कंपोनंट स्टोअर' या पर्यायाने कळतो, आणि सफाईची शिफारस आली तरच 'स्टार्ट कंपोनंट क्लीनअप' चालवावे.

एवढे करूनही जागा कमी पडली, तर हायबरनेशन (चालू काम डिस्कवर साठवून संगणक बंद करण्याची सोय) बंद करून त्याची फाइल काढता येते. मात्र त्यामुळे संगणक लवकर सुरू करणारे 'फास्ट स्टार्टअप'ही बंद होते. फोटो आणि व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवणे मला त्यापेक्षा बरे वाटते.