अ‍ॅव्हरेज कुठे गेलं?

गाडीच्या डॅशबोर्डात माझी एक लाल डायरी असते. टाकी फुल केली की किलोमीटर आणि लिटर त्यात लिहायचे. पंपावरच्या पोराने नोझल ऑटो कट झाल्यावर आणखी 'राउंड फिगर' करू नये म्हणून मी खाली उतरून उभा राहतो. बायको याला कंजूषपणा म्हणते. पण गेल्या पावसाळ्यानंतर याच डायरीने मला पकडून दिलं. ४१८ किलोमीटर, ३०.२ लिटर. म्हणजे १३.८. तेव्हा गाडी आठवड्याला पुणे-सातारा जायची आणि एरवी सतराच्या वर द्यायची.

सोसायटीत सगळ्यांनी एकाच गोष्टीकडे बोट दाखवलं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल. मीही महिनाभर तेच बोलत फिरलो. मग एका रविवारी हिशोब मांडला. जुन्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज वीस टक्के इथेनॉलने सहा-सात टक्के उतरेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे. माझं वीस टक्के उतरलं होतं. उरलेलं कोण खात होतं?

हवा तपासली तर मागच्या डाव्या चाकात आठ पॉइंट कमी. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं आणि ती चाक थंड असताना मोजायची. मी आजवर पंपावरचा माणूस म्हणेल तेवढी भरून घेत होतो, तीही पन्नास किलोमीटर तापवून आणलेल्या चाकात. एअर फिल्टर काढून उन्हात धरला तर पलीकडचा उजेड दिसेना. तो बदलला. डिकीत दिवाळीपासून पडलेली फरशीची दोन खोकी होती, ती उतरवली. एवढं करून आकडा जेमतेम पंधरावर आला.

खरा चोर गाडी पार्क करताना सापडला. पुढच्या उजव्या चाकाजवळ हात नेला तर ते कोमट. डावं मात्र तव्यासारखं, वर जळका वास. मेस्त्रीने जॅक लावून दोन्ही चाकं हाताने फिरवली. उजवं फिरत राहिलं, डावं अर्ध्या फेरीत अडलं. ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना गंजून जाम झाल्या होत्या, पॅड सुटतच नव्हते. "साहेब, तुम्ही ब्रेक दाबून गाडी चालवताय आणि शिव्या पेट्रोलला देताय," तो म्हणाला. पिना घासून ग्रीस लावला, पॅड बदलले. पुढची टाकी १६.९.

राहता राहिले माझे पाय आणि मधूनमधून गाडी चालवणारे आप्पा. पायांचं सोपं होतं. हायवेला शंभरऐवजी ऐंशी. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि माझी गाडी म्हणजे चाकं लावलेलं कपाट. शंभरने वाचणारी पंधरा मिनिटं नाहीतरी आणेवाडी आणि खेड-शिवापूरच्या टोलवर जातातच.

आप्पांचं अवघड. खंबाटकीचा बोगदा संपून उतार लागला की त्यांचा हात आपोआप न्यूट्रलकडे जातो. कार्ब्युरेटरच्या फियाटवर शिकलेला माणूस. मी म्हटलं, "आप्पा, गिअरातच राहू द्या." "का? फुकट पेट्रोल जाळायला?"

मी समजावलं की आताच्या, कॉम्प्युटरने पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना अ‍ॅक्सिलेटरवरून पाय काढला की उतारावर पेट्रोलचा पुरवठाच बंद होतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. वर सगळा भार ब्रेकवर येतो, आणि तिथलं ते एस वळण! नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर न्यूट्रल करू नका म्हणून पोलिस ट्रकवाल्यांच्या कानीकपाळी ओरडतात, ते उगाच नाही.

आप्पा काही बोलले नाहीत. गेल्या शनिवारी बोगद्यातून बाहेर पडलो, त्यांचा हात गिअरवर गेला. माझ्याकडे एक नजर टाकली आणि चौथ्यावरून तिसरा टाकला. इंजिन घुमलं.

"आता हा आवाज फुकट आहे म्हणतोस?"

"हो."

"लिही तुझ्या डायरीत."