माझा अनुभव : गाडी गरम झाली की सुटणारा ओव्हरड्राइव्ह

इंग्लंडमध्ये लेस्टरला राहायला आल्यावर काही वर्षांनी मी १९७३ सालची एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली. तिच्या चार गिअरच्या गिअरबॉक्समागे शेफील्डच्या लेकॉक कारखान्यात बनलेला एलएच जातीचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिन हळू फिरू देणारा जादा गिअर, आहे. तो चालू असला की तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे सुमारे १८ टक्क्यांनी कमी होतात. ताशी ७० मैलांच्या वेगाला एरवी मिनिटाला सुमारे ३९०० फेरे लागतात, ते ३२०० वर येतात. मोटरवेवर लांबचा प्रवास करणाऱ्याला हा फरक कानाला आणि पेट्रोलच्या खर्चालाही जाणवतो.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात हा ओव्हरड्राइव्ह वीस-पंचवीस मिनिटांच्या प्रवासानंतर आपोआप सुटू लागला. इंजिनाचा आवाज एकदम चढायचा आणि स्टिअरिंगजवळची दांडी कितीही वेळा मागेपुढे केली तरी तो पुन्हा लागत नसे. गाडी तासभर उभी राहिली की सारे ठीक व्हायचे. तेलाची पातळी मी लगेच पाहिली, ती बरोबर होती. (या गिअरबॉक्समध्ये आणि ओव्हरड्राइव्हमध्ये एकच तेल फिरते, आणि ते इंजिनाचेच २०डब्ल्यू५० तेल असते. दुसरे कोणतेही 'गिअर ऑइल' त्यात घालू नये.)

त्यानंतर मी गाडी एका नावाजलेल्या वर्कशॉपमध्ये नेली. तेथील माणसाने माझे बोलणे पुरते ऐकण्याआधीच सांगितले की गरम तेल पातळ होते, आतला पंप दाब धरत नाही, युनिट उघडून दुरुस्त करावे लागेल. असा दोष खरोखर असू शकतो, हे मी मान्य करतो. पण त्याने तारेला मीटर लावला नाही, गाडी गरम करून चालवून पाहिली नाही, आणि सात आठवड्यांनंतरची तारीख दिली. या गाडीत गिअरबॉक्स एकटा निघत नाही, इंजिनासकट बाहेर काढावा लागतो, त्यामुळे मजुरीचा आकडा ऐकूनच मी गप्प झालो. दहा मिनिटांच्या तपासणीने जो प्रश्न निम्मा सुटला असता, तो कोणी विचारलाही नाही, याचा राग मला आजही आहे.

तो प्रश्न असा : ओव्हरड्राइव्ह सुटतो त्या क्षणी सोलेनॉइडला (वीज मिळाली की ओव्हरड्राइव्ह लावणाऱ्या विद्युतचुंबकी झडपेला) वीज मिळत असते की नसते? मिळत असेल तर दोष तेलाच्या दाबात किंवा यंत्रात आहे, मिळत नसेल तर तो तारांत, स्विचांत किंवा जोडांत आहे. एवढे कळल्याशिवाय कोणीही स्पॅनर उचलू नये.

विजेचा मार्ग तसा साधा आहे. इग्निशनकडून येणारी पांढरी तार स्टिअरिंगजवळच्या स्विचकडे जाते, तिथून पिवळी तार गिअरबॉक्सकडे जाते, गिअरबॉक्सवर एक छोटा अडसर-स्विच असतो आणि त्याच्या पुढे सोलेनॉइड. गिअरची दांडी तिसऱ्या-चौथ्याच्या ओळीत असेल तरच अडसर-स्विच वीज पुढे जाऊ देतो. पहिल्या शनिवारी मी इंजिन बंद ठेवून, इग्निशन चालू करून पिवळ्या तारेचा जोड सोडला आणि मीटर लावला. १२.४ व्होल्ट दिसले. तारा ठीक आहेत असे मी ठरवले आणि दोन शनिवार-रविवार वाया घालवले.

पुण्यात माझे मामा चाळीस वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम करत होते. फोनवर सगळे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "अरे, डिजिटल मीटर वीज खातच नाही, मग त्याला कुजलेला जोडही चांगलाच दिसणार. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लाव, तो खोटं बोलत नाही." मी बल्ब लावला तेव्हा तो पिवळसर, मंद पेटला. बॉनेटखालचे गोल टोकाचे जोड आतून हिरवे पडले होते. ते घासून साफ केले, ती टोके धरणाऱ्या सैल नळ्या बदलल्या, बल्ब लख्ख पेटला. मला वाटले, सापडले. दुसऱ्या दिवशी मोटरवेवर सव्वीसाव्या मिनिटाला ओव्हरड्राइव्ह पुन्हा सुटला.

खरा पेच इथे होता. गाडी उभी असताना सगळे बरोबर दिसायचे. इग्निशन चालू, दांडी चौथ्यात आणि ओव्हरड्राइव्ह चालू केला की सोलेनॉइडचा हलका 'टक्' आवाजही यायचा. (ही तपासणी करताना इग्निशन कॉइलची तार काढून ठेवावी, नाहीतर इंजिन बंद असताना कॉइल तापून बिघडू शकते. मला हे उशिरा आठवले.) दोष फक्त गरम आणि धावत्या गाडीत यायचा, आणि धावत्या गाडीखाली कोणी मीटर घेऊन बसू शकत नाही. चार संध्याकाळी मी तोच जोड, तोच स्विच, तीच तार पुन्हा पुन्हा हलवून पाहिली आणि प्रत्येक वेळी काहीच चुकीचे आढळले नाही.

शेवटी उपाय सुचला तो मीटर गाडीत आणण्याचा. पिवळ्या तारेच्या जोडात मीटर अँपिअरवर लावून मधोमध जोडला, त्याच्या दोन लांब तारा तीन अँपिअरच्या फ्यूजसह बल्कहेडच्या (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याच्या) भोकातल्या रबरी ग्रोमेटमधून आत घेतल्या आणि पत्नीच्या मांडीवर मीटर ठेवला. रस्त्यावर लक्ष माझे आणि आकड्यावर लक्ष तिचे, अशी वाटणी होती. एकट्याने हे करू नये. पहिली पंचवीस मिनिटे ती "शून्य पॉइंट आठ" असे सांगत होती. मग इंजिनाचा आवाज चढला आणि त्याच श्वासात ती म्हणाली, "शून्य." युनिट निर्दोष होते. त्या एका शब्दाने मला इंजिन बाहेर काढण्याच्या खर्चातून सोडवले, आणि मला इतका आनंद झाला की मोटरवेवरच्या पुढच्याच सर्व्हिसेसमध्ये (विश्रांतीच्या थांब्यावर) थांबून आम्ही दोघांनी चहा घेतला.

परतीच्या वाटेवर मीटर व्होल्टवर घेऊन जोडापाशी मोजले. ओव्हरड्राइव्ह सुटला तरी तिथे १३.५ व्होल्ट होतेच. म्हणजे वीज जोडापर्यंत येत होती आणि त्याच्या पुढे अडत होती. मग सहज गिअरची दांडी चौथ्यातच ठेवून उजवीकडे दाबून धरली, आणि ओव्हरड्राइव्ह लागला. सोडली की सुटला. अडसर-स्विचशिवाय दुसरे काही असे वागू शकत नव्हते.

त्या स्विचपर्यंत हात पोहोचवण्यासाठी गिअरबॉक्सखालचा आडवा आधार सोडून मागचे टोक थोडे खाली घ्यावे लागते. गाडी पक्क्या स्टँडवर, गिअरबॉक्सखाली जॅक आणि मध्ये लाकूड, एवढे असल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये. खात्रीसाठी मी स्विचच्या दोन तारा तात्पुरत्या एकमेकींना जोडून चाळीस मिनिटे गाडी चालवली. ओव्हरड्राइव्ह एकदाही सुटला नाही. इथे एक गोष्ट मी सर्वात आधी लिहायला हवी होती : स्विच असा टाळलेला असताना गाडी मागे घेण्यापूर्वी ओव्हरड्राइव्ह बंद केलाच पाहिजे. तो लागलेला असताना रिव्हर्स घेतला तर आतला एकाच दिशेने फिरणारा क्लच मोडू शकतो. त्या दिवशी मी निघण्याआधीच गाडी रस्त्याकडे तोंड करून ठेवली होती.

जुन्या स्विचचे संपर्क काळे पडले होते आणि त्याच्याखाली दोन वॉशर होते, त्यामुळे त्याचे बटण जेमतेम दाबले जात होते. थंड असताना ते निभावून जाई, गरम झाल्यावर नाही. नवा स्विच एकाच वॉशरवर बसवला आणि आधार वर घेण्याआधी दांडी चौथ्यात सैल सोडून मीटर पाहिला. दांडी डावी-उजवी हलवली तरी ०.८ अँपिअर स्थिर राहिले, आणि दांडी न्यूट्रलमध्ये आणून पहिल्या-दुसऱ्याच्या बाजूला नेली की शून्य. वॉशर काढताना ही दुसरी तपासणी विसरू नये, कारण स्विच फार आत गेला तर तो नको त्या गिअरमध्येही वीज देईल.

मूळ वायरिंगमध्ये या मार्गावर फ्यूज नसतो. मी तीन अँपिअरचा फ्यूज कायमचा बसवून घेतला आहे. वर्कशॉपची तारीख मी रद्द केली आणि फोनवर कारणही सांगितले. त्यानंतर ओव्हरड्राइव्ह लावूनच शेफील्डपर्यंत जाऊन आलो, परतीला पाऊस होता, आणि दोन्ही वाटांवर तो एकदाही सुटला नाही.