नऊ खणांचा तक्ता: पाच भरले

मंडळी, तक्त्याच्या प्रत्येक खणात बसेल असा एक त्रिकोण शोधायचा. नियम आपला तोच: त्रिकोणाच्या तिन्ही बाजू पूर्णांक आणि क्षेत्रफळही पूर्णांक. तक्त्यात आडवे समभुज, समद्विभुज, विषमभुज. उभे लघुकोन, काटकोन, विशालकोन. समभुजाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, त्यामुळे समभुज-काटकोन आणि समभुज-विशालकोन हे खण मुळातच बाद. उरलेल्या सातांपैकी पाच भरले.

विषमभुज-काटकोनात अर्थातच ३-४-५. समद्विभुजाचे दोन खण त्याच्याच जोडीने भरले. पुठ्ठ्याचे दोन ३-४-५ चारच्या बाजूने चिकटवले की ५-५-६, लघुकोन. तीनच्या बाजूने चिकटवले की ५-५-८, विशालकोन. दोन्हींचे क्षेत्रफळ १२. तपासणी नेहमीचीच, मोठ्या बाजूचा वर्ग उरलेल्या दोन वर्गांच्या बेरजेशी ताडून पाहायचा, कमी तर लघुकोन, जास्त तर विशालकोन: पहिल्यात ३६, दुसऱ्यात ६४, बेरीज दोन्हीकडे ५०.

विषमभुजांत मी सगळ्यात जास्त रमलो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (सन ११५०) १४ पायाचा आणि १३, १५ भुजांचा त्रिकोण उदाहरणाला घेतला आहे. लंब १२, तो पायाचे ५ आणि ९ असे दोन तुकडे करतो, त्यांना आबाधा म्हणतात. क्षेत्रफळ ८४. म्हणजे हा ५-१२-१३ आणि ९-१२-१५ या काटकोन त्रिकोणांचा जोड. लघुकोनाचा खण याने भरला. मग तेच दोन तुकडे शेजारी न लावता, बाराची बाजू जुळवून लहान मोठ्यावर ठेवला आणि झाकलेला भाग कापून टाकला. उरला ४-१३-१५, क्षेत्रफळ २४, विशालकोन!

ही वजाबाकीसुद्धा लीलावतीत आहे. भुजा १० आणि १७, पाया ९. भुजांची बेरीज २७, वजाबाकी ७, गुणाकाराला पायाने भागले की २१. आता ९ मध्ये २१ मिळवून निम्मे केले की १५, वजा करून निम्मे केले तर उणे ६. भास्कराचार्य ही ऋण आबाधा टाकून देत नाहीत, ती उलट दिशेची मानतात: लंब पायाच्या बाहेर पडतो. लंब ८, क्षेत्रफळ ३६. बाराव्या शतकात ऋण संख्येला भूमितीत इतका नेमका अर्थ दिलेला पाहून मी कितीतरी वेळ त्याच पानावर होतो.

एक सावधगिरी. आबाधा ऋण आली तर विशालकोन नक्की, पण दोन्ही धन आल्या म्हणून लघुकोन ठरत नाही. १०-१७-२१ मध्ये २१ ला पाया धरा: आबाधा ६ आणि १५, दोन्ही धन. तरी ४४१ हे ३८९ पेक्षा मोठे, म्हणजे वरचा कोन विशाल. म्हणून वर्गांची तपासणी सोडू नका.

राहिलेले दोन खण कधीच भरणार नाहीत. समभुजाच्या क्षेत्रफळात ३ चे वर्गमूळ येते, समद्विभुज काटकोनाच्या कर्णात २ चे. पण शेजारच्या खणांतून त्यांच्या हवे तितके जवळ जाता येते. ३-४-५, १३-१४-१५, ५१-५२-५३, १९३-१९४-१९५: मधल्या संख्येची चौपट करून तिच्या आधीची मधली वजा केली की पुढची मिळते. शेवटचा मिलिमीटरमध्ये कापला आहे, नुसत्या डोळ्यांना समभुजच वाटतो, क्षेत्रफळ १६२९६. दुसऱ्या खणाकडे २०-२१-२९ आणि ११९-१२०-१६९ जातात. यानंतर ६९६-६९७-९८५ कापायचा आहे, त्यासाठी मीटरभर लांबीचा पुठ्ठा शोधतो आहे.