दिंडीतली औषधाची पिशवी

आमच्या दिंडीचा ट्रक पहाटेच राहुट्या गुंडाळून पुढच्या मुक्कामाला निघतो. पालखी चालते एका वाटेनं आणि सामानाच्या गाड्या बऱ्याचदा दुसऱ्याच. त्यामुळे ट्रकात ठेवलेली औषधाची पेटी कितीही भरलेली असली तरी दिवसभर ती कुणाच्याच कामाची नसते. पुणे ते सासवड हा टप्पा ३० किलोमीटरच्या वरचा, त्यात दिवेघाट. घाटात ज्याचा पाय मुरगळला त्याला ती पेटी भेटणार रात्री, सासवडला, तंबूत आडवं पडल्यावर. म्हणून पेटी ट्रकात राहू दे, पण एक पिशवी चालणाऱ्या माणसाच्या अंगावर पाहिजे, असं मी विणेकऱ्यांना सांगितलं. त्यांनी लगेच ते काम माझ्याच गळ्यात घातलं. सांगणाऱ्यानंच करायचं, ही आमच्याकडची जुनी पद्धत आहे.

मला त्यातलं थोडंफार कळतं असं धरलं जातं, कारण मी भोसरीला एका कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे पत्र्याचे भाग दाबून काढतात त्या विभागात, होतो आणि आमच्या शॉपची प्रथमोपचार पेटी माझ्या ताब्यात असायची. आमच्या वेळी कारखान्यात १९४८ चा कारखाने अधिनियम चालायचा. त्याच्या कलम ४५ मध्ये पेटीबद्दल लिहिलंय. दर १५० कामगारांमागे निदान एक पेटी, आणि प्रत्येक पेटी प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेल्या एका जबाबदार माणसाच्या ताब्यात. ते तर सगळ्यांना पाठ असतं. मला आवडतं ते त्यातलं दुसरं वाक्य: ठरवून दिलेल्या सामानाखेरीज पेटीत काहीही ठेवायचं नाही. कायदा लिहिणाऱ्यानं कधीतरी शॉप फ्लोअरवर दिवस काढले असणार. कारण भिंतीवर झाकणाची पेटी दिसली की तिच्यात लॉकरची किल्ली, काडेपेटी, डब्याचा चमचा जाऊन बसणार म्हणजे बसणारच.

दिंडीत तर विचारूच नका. पाठीवर जरा ऐसपैस पिशवी दिसली की, "माउली, एवढं ठेवा की, पुढच्या विसाव्याला घेतो." कुणाचा चार्जर, कुणाचा चष्मा, हरिपाठाची पुस्तिका, प्रसादाची पुडी, आणि माळ घातलेली असूनही न सुटलेली एखाद्याची तंबाखूची डबी. माउली म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही. मग एखाद्याच्या गुडघ्यातून रक्त येत असतं आणि आपण चार्जरच्या वायरीतून गॉज, म्हणजे जखमेवर ठेवायचं जाळीदार कापड, सोडवत बसतो. म्हणून पिशवी घेताना माझी पहिली अट हीच होती की तिच्यात जागा उरता कामा नये.

यासाठी आधी सामान ठरवायचं आणि मग पिशवी. लोक नेमकं उलटं करतात. मी घरी सतरंजीवर सगळं मांडलं. हातमोजे, निर्जंतुक गॉजची बंद पाकिटं, गुंडाळायची बँडेजं दोन रुंदीची, क्रेप बँडेज, दोन त्रिकोणी पट्ट्या, कागदी चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, चिमटा, थर्मामीटर, सेफ्टी पिना, पोव्हिडोन आयोडिनच्या मलमाच्या ट्यूब, ओआरएसची पाकिटं, ग्लुकोज, आणि एक साबणाची वडी. साबण बघून ही म्हणाली, "तो तर तुमच्या आंघोळीच्या पिशवीत आहेच की." पण तो वेगळा. कुत्रं चावलं तर पहिलं काम म्हणजे वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुणं. हळद, चुना, तिखट लावणारे जमायच्या आत. नंतर दवाखाना, लस, ते सगळं आहेच. साबण तेव्हा हाताशी लागतो.

कापूस मी काढून टाकला. उघड्या जखमेवर ठेवला की त्याचे तंतू चिकटून बसतात आणि काढताना माणूस ओरडतो. आयोडिनची बाटलीही नको. तिचं झाकण कितीही आवळा, दुपारपर्यंत सगळा कप्पा तपकिरी. ब्लेड तर नाहीच. माळशिरसच्या बाजूला उसाचा पट्टा, सापाची भीती असते, आणि साप चावला की गर्दीतून कुणीतरी ब्लेड मागतोच. चिरा पाडायच्या नाहीत, दोरीनं आवळायचं नाही, पाय हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन करायचा. पिशवीत ब्लेडच नसेल तर वादही होत नाही.

ओआरएसबद्दल एक गोष्ट बजावून सांगतो. मोठं पाकीट १ लिटर पाण्यासाठी असतं आणि छोटं २०० मिलिलिटरसाठी. दोन्ही जातीची पाकिटं एका पिशवीत ठेवू नका. घाईत मोठं पाकीट पेलाभर पाण्यात गेलं तर ते द्रावण औषध राहत नाही. मी फक्त मोठी ठेवतो, कारण वारीत प्रत्येकाकडे लिटरची बाटली असते. एकदा कालवलं की २४ तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं.

आता पिशवी. बाजारात लाल रंगाची तयार 'फर्स्ट एड किट' मिळतात, शंभर-दीडशे नगांची. ते नग मोजून बघा. निम्म्याहून जास्त छोट्या चिकटपट्ट्याच निघतात आणि पिशवीचं कापड असं की नखानं फाटेल. शाळेचं दप्तर मजबूत असतं, पण वरून उघडतं. वरून उघडणाऱ्या पिशवीत हवी ती वस्तू कायम तळाशी असते. बोहरी आळीत मला ट्रेकवाल्यांच्या, तोंड गुंडाळून बंद करायच्या पाणीरोधक पिशव्या दाखवल्या. पाणी अजिबात शिरत नाही, खरं आहे. पण त्याही वरूनच उघडतात, आणि आत शिरलेली ओल बाहेरही पडत नाही. नदीत उतरायचं असेल तर घ्या. पावसात भिजत चालणाऱ्याला त्यांचा उपयोग कमी.

सूटकेससारखी दोन्हीकडे पसरून उघडणारी सॅक सगळ्यात चांगली, असं बरेच जण सांगतात. सगळं एका नजरेत दिसतं, हे मान्य. पण ती पसरायची कुठे? रस्त्यावर चिखल, मागून पुढची दिंडी येतेय, टाळकऱ्यांचे पाय चुकवत तुम्ही बसलाय. बसलेल्या माणसाला गर्दीत धक्का लागतो, आणि चिखलात टेकवलेली बाजू परत पाठीला लागते ती वेगळीच. मला उभ्यानं उघडता येईल अशी पिशवी हवी होती.

ती सुचली जेजुरीच्या जत्रेत. गळ्यात पट्टा अडकवून पोटासमोर पाटी धरलेला चणे-दाणेवाला असतो ना, तसं. दोन्ही हात मोकळे, माल समोर, आणि गर्दीतही त्याचा दाणा सांडत नाही.

आमच्याकडे मोटारीची सीट कव्हरं शिवणारा एक जण आहे, त्याला गाठलं. चालताना पिशवी पाठीवर, काम पडलं की फिरवून छातीवर घ्यायची. पुढची बाजू तीन कडांनी चेन लावलेली, चौथी कड खाली जोडलेली. चेन उघडली की ती बाजू खाली पडते आणि दोन्हीकडच्या नायलॉनच्या पट्ट्यांवर आडवी थांबते. तिच्यात आतून एक पातळ प्लायचा तुकडा, रेक्झिनच्या अस्तरात. झालं टेबल. त्याच्यावर गॉज, कात्री, ट्यूब ठेवता येते. तो म्हणाला प्लाय भिजून फुगेल, सनबोर्ड, म्हणजे पाट्यांसाठी वापरतात तो हलका फोमचा बोर्ड, घाला. त्याचं ऐकलं आणि बरं झालं. वजनही कमी झालं.

आत कप्पे किती, यावर आमचं जमेना. त्याला शिवणकामाची हौस, तो म्हणे आठ करू. मी तीनच ठेवायला लावले. वरचा रक्ताचा, म्हणजे हातमोजे, गॉज, बँडेज. मधला पायाचा, म्हणजे क्रेप, चिकटपट्टी आणि फोडांचं सामान. खालचा पोटाचा आणि उन्हाचा. याच्यापुढे कप्पे वाढले की कशात काय आहे ते फक्त मलाच ठाऊक, आणि मीच पाण्याच्या टँकरपाशी रांगेत असलो तर? आता मृदंगवाल्या पोरालाही विचारलं की 'पायाचं कुठंय', तर तो हात घालून क्रेप काढतो. वारीत सगळ्यात जास्त उघडतो तो पायाचाच कप्पा. फोड छोटा असेल तर फोडू नका, धुऊन कोरडा करून वर कागदी पट्टी लावा, हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी सुई-दोरा घेऊन झाडाखाली बसलेलं असतंच. मधुमेहवाल्यांना मात्र मी सोडत नाही. त्यांना तळव्याचा फोड जाणवतही नाही, म्हणून विसाव्याला त्यांचे पाय स्वतः उलटून बघतो. थोडी चिडचिड होते त्यांची. होऊ दे.

पाण्याचा बंदोबस्त पिशवीच्या बाहेरून करायचा नाही, आतून करायचा, हे माझं मत. कितीही भारी कापड घ्या, शिलाईच्या भोकांतून आणि चेनमधून पाणी येतंच. गॉजचं कागदी पाकीट ओलं झालं की ते निर्जंतुक राहिलं नाही असंच धरायचं, वरून कितीही साबूत दिसो. म्हणून प्रत्येक कप्प्यातलं सामान पारदर्शक, दाबून बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात. ओल्या हातानं ती पाकिटं उघडत नाहीत, घसरतात. त्यांच्या कडेला चिकटपट्टीचा एकेक शेंडा चिकटवून ठेवलाय, तो धरून ओढायचं. आणि पिशवीच्या तळाला दोन रिंगा मारून भोकं पाडून घेतली, आलेलं पाणी गळून जायला. शिवणारा माझ्याकडे बघतच राहिला. पाऊस लागू नये म्हणून पिशवी शिवतोय आणि हे म्हणतात भोकं पाडा.

पाऊस नसतो तेव्हा ऊन असतं. वाल्हे ते लोणंद या पट्ट्यात पावसानं दडी मारली की डांबर तापतं, आणि काळी पिशवी त्याहून. चिकटपट्टीचा गोंद पाघळतो, मलमं पातळ होतात. म्हणून काळा, गडद निळा रंग बाद. भगवा घेतला असता तर पताकांमध्ये दिसलाच नसता. पांढरा म्हणजे सगळ्यांचेच सदरे. पोपटी हिरवा घेतला.

त्यावर चिन्ह काय काढायचं, यावरून घरात चर्चा झाली. नातू म्हणाला लाल प्लस काढा, सगळ्यांना कळतं. कळतं, पण काढता येत नाही. पांढऱ्यावरचा लाल क्रॉस हे लढाईतल्या जखमींना आणि सैन्याच्या वैद्यकीय पथकांना संरक्षण देणारं चिन्ह. आपल्याकडे १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यातल्या कलम १२ नुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते वापरायला बंदी आहे. दुकानातल्या लाल प्लसच्या पिशव्या, औषधांच्या दुकानांच्या पाट्या, सगळीकडे सर्रास चालतं ते सोडा. प्रथमोपचाराचं जगभर चालणारं चिन्ह म्हणजे हिरव्यावर पांढरा क्रॉस, आणि पिशवी हिरवीच होती. मागच्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटनं क्रॉस काढला आणि खाली मोठ्या अक्षरात 'औषध'. फर्लांगभरावरून दिसतं.

लोकांच्या रोजच्या गोळ्या मी पिशवीत घेत नाही. रक्तदाब, साखर, जे काही असेल ते ज्याच्या त्याच्या झोळीत, सोबत नाव, गोळ्यांची नावं आणि घरच्यांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. माणूस चक्कर येऊन पडला तर ती चिठ्ठी त्याच्याजवळ सापडली पाहिजे, माझ्याजवळ नाही. आणि मी डॉक्टर नाही. वाटेवर आरोग्य खात्याची पथकं असतात, रुग्णवाहिका असतात. माझं काम तिथं पोचेपर्यंतचं.

मागच्या वारीनंतर दोन दिंड्यांनी माप मागितलं, ते इथंच देऊन ठेवतो. उंची १४ इंच, रुंदी ११, जाडी ५. सामानासकट अडीच किलोच्या आत बसते. त्यावर गेलं तर घाटात ती पिशवी हळूच कुणाच्या तरी गाडीत जाऊन पडते. खांद्याचे पट्टे रुंद, आतून फोम, आणि एक पट्टा बक्कलचा, म्हणजे पाठीवरून छातीवर फिरवताना अडकत नाही. चेन जाड दात्यांची घ्या, दोन रनरची. एक रनर बिघडला तरी दुसऱ्यानं दिवस निघतो. रनरला बोटभर दोरीचे गोफ बांधा, हातमोजे घातले की तो पत्र्याचा इवलासा तुकडा चिमटीत येत नाही. कात्री दोरीनं पिशवीलाच बांधून टाका, नाहीतर भाजी चिरायला जाते. शिवणाऱ्याला वर बाहेरून एखादा जास्तीचा खिसा लावू देऊ नका. तो लावायला बघेल. त्यात चार्जर येतो.