ओरडत होता फ्लोट, गळत होता वॉशर

मे महिन्यात एका रात्री दोन वाजता लाइन गेली आणि कूलर बंद पडला. कूलर थांबला की नागपूरचा माणूस आधी त्या शांततेनेच जागा होतो, घाम नंतर येतो. तशी मी जागी झाले आणि अंधारात एक बारीक आवाज ऐकू आला. सुंऽऽऽ... मग बंद. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा सुंऽऽऽ.

पलीकडच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "कायचा आवाज होऊन रायला वं? गॅस तर नाही ना सुटला?"

गॅस नव्हता. आवाज वरच्या संडासातून, फ्लशच्या टाकीतून येत होता. किती दिवसांपासून येत असेल कोण जाणे, कूलरच्या घरघरीत कोणाला ऐकू येणार!

आमचं मानेवाड्यातलं घर दोन मजली आहे. प्यायला, स्वयंपाकाला नळाचं पाणी. संडास, कूलर आणि धुणीभांडी बोअरवर. त्यासाठी गच्चीवर पाचशे लिटरची वेगळी टाकी आहे. ती संध्याकाळी भांड्यांच्या वेळी रिकामी होऊ लागली, तेव्हा आम्ही सगळा दोष कूलरला दिला होता. मुलाला तर "दिवसा कूलर लावू नको" म्हणून रागावलेही होते, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत!

प्लंबरला फोन केला. "उद्या येतो मॅडम." हा उद्या चार दिवस चालला. लग्नसराई, त्यात सगळ्यांचे कूलर आणि मोटारी, त्याचंही बरोबर होतं. नवरा नोकरीसाठी चंद्रपूरला असतो, शनिवारी येतो. म्हणून मीच झाकण उघडायचं ठरवलं.

दोन बटणांचा फ्लश असला की बटणाभोवतीची चकती उलटी फिरवावी लागते, ती निघाली की झाकण सुटतं. हे झाकण मी टॉवेलची घडी करून त्यावर ठेवलं. चिनीमातीचं झाकण फुटलं तर त्याच मापाचं नुसतं झाकण शोधत फिरणं सोपं नाही.

आत डोकावले तर फ्लोटच्या, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या भागाच्या, व्हॉल्व्हमधून पाणी येत होतं आणि तोच आवाज करत होता. झालं, चोर सापडला! दुकानात गेले, तीनशे वीस रुपयांना नवा फ्लोट व्हॉल्व्ह आणला.

तो बसवण्याआधी अँगल कॉक, म्हणजे फ्लशच्या टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ, बंद करायचा होता. तो हलेचना. बोअरच्या पाण्याचे क्षार त्याच्या दांडीवर पांढऱ्या शेवेसारखे जमले होते. फडकं गुंडाळून थोडा पुढे, थोडा मागे, असं अर्धा तास केलं तेव्हा तो कुरकुरत फिरला. टाकी फ्लश करून रिकामी केली, तळाचं उरलेलं पाणी स्पंजने टिपलं, खालचा नट सोडला, जुना व्हॉल्व्ह काढला, नवा लावला. हा नट हाताने घट्ट होईल तेवढा आणि वर पान्याने पाव फेरा, बस. जास्त जोर लावला तर चिनीमातीला तडा जातो. पाणी सुरू केलं, टाकी भरली, आवाज थांबला. सासूबाईंना ऐटीत सांगितलं, "झालं आई."

त्या रात्री मुद्दाम दहा मिनिटं कूलर बंद करून बसले. सुंऽऽऽ.

तीनशे वीस रुपये गेल्यावर मी विचार करायला लागले. खरं तर तो आधीच करायला हवा होता. टाकीच्या मधोमध एक उभी नळी असते, ओव्हरफ्लोची. फ्लोट बिघडला आणि पाणी थांबेनासं झालं, तर पाणी वर चढून त्या नळीच्या तोंडातून खाली भांड्यात जाणार. आमच्याकडे पाणी त्या तोंडाच्या चांगलं बोटभर खाली होतं. हे मी पहिल्याच दिवशी डोळ्यांनी पाहिलं होतं, फक्त त्याचा अर्थ लावला नव्हता. फ्लोट बिचारा आपलं काम करत होता. खालून पाणी पळत होतं, पातळी उतरली की तो उघडून ते भरून काढत होता आणि भरताना आवाज करत होता.

मग खालून कुठून? टाकीच्या बाहेरून की आतून? टाकीच्या बोल्टखाली आणि भांड्याच्या मागे पेपर अंथरून ठेवला. दोन तासांनी पाहिलं, कोरडा ठक्क. पावसाळ्यात थंड पाण्याच्या टाकीला बाहेरून घाम सुटतो आणि गळतीचा भास होतो म्हणतात. पण नागपूरच्या मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून चहाला लावावं असं पाणी येतं, कुठून सुटणार घाम!

म्हणजे गळती टाकीतून भांड्यात होती. ती पाहायची तर टाकीत रंग टाकायचा आणि फ्लश न करता थांबायचं. घरात हळद होती, ती टाकली. हळद पाण्यात विरघळत नाही हे स्वयंपाकघरात वीस वर्षं काढलेल्या बाईला कळायला पाहिजे होतं. ती टाकीच्या तळाशी गाळासारखी बसली. मग मुलाला दुकानात पाठवून जिलबीत घालतात तो नारिंगी रंग आणवला. (नागपूरच्या संडासाला शोभेलसा.) चिमूटभर टाकला, वीस मिनिटं कोणालाही आत जाऊ दिलं नाही. वीस मिनिटांनी टॉर्च मारला, तर भांड्याच्या मागच्या भिंतीवरून दोऱ्याएवढी बारीक नारिंगी रेघ खाली ओघळत होती. एरवी साधं पाणी असल्यामुळे ती दिसतच नव्हती. लगेच फ्लश करून टाकलं, भांड्यावर डाग नको.

आता किती जातं ते पाहायचं होतं. अँगल कॉक बंद केला, आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलीने खूण केली. अर्ध्या तासात पाणी दोन सेंटिमीटर उतरलं. टाकी आतून साधारण छत्तीस बाय चौदा सेंटिमीटर, म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये एक लिटर. दिवसाचे जवळपास पन्नास लिटर! वीस लिटरचे अडीच कॅन. उरलेलं पाणी कूलरच पीत होता हे मान्य, पण मुलाला रागावले होते त्यातला बराच भाग मागे घ्यावा लागला.

कॉक तसाच बंद ठेवून रात्रभर सोडलं. सकाळी पाणी अगदी तळापर्यंत उतरलेलं. ते मध्येच कुठे थांबलं असतं, तर त्या उंचीवर कुठेतरी चीर आहे असं समजायचं. तळापर्यंत गेलं म्हणजे फ्लश व्हॉल्व्हच्या, म्हणजे बटण दाबल्यावर पाणी भांड्यात सोडणाऱ्या मधल्या मनोऱ्याच्या, खालचा वॉशर.

तो काढण्याआधी एक काम केलं. टाकीत टाकायची क्लोरीनची गोळी मी सहा महिने वापरत होते, तिचा उरलेला तुकडा बाहेर काढला आणि बादलीने पाणी ओतून दोनदा फ्लश केलं. पुढे व्हिनेगर वापरायचं होतं, आणि क्लोरीनमध्ये व्हिनेगर किंवा संडासाचं ॲसिड पडलं तर विषारी वायू सुटतो. शिवाय या गोळ्या टाकीतल्या रबराला खातात. माझ्या वॉशरला क्षारांनी मारलं की गोळीने, हे सांगता येणार नाही. बहुधा दोघांनी मिळून.

मधला मनोरा धरून उलटा पाव फेरा दिला की तो बुडातून सुटतो. आमचा क्षारांनी धरलेला होता. बुडाभोवती व्हिनेगर सोडलं, पाऊण तास थांबले, मग सुटला. खाली काळ्या रबराची चकती. हातात घेतली तर बोटं काजळ लागल्यासारखी काळी झाली, रबर इतकं पिठाळलं होतं. तिच्यावर बैठकीच्या, म्हणजे ती टाकीच्या तळाशी जिथे टेकते त्या भागाच्या, कडेची गोल खाच उमटली होती आणि एका जागी तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा खडा रुतून बसला होता. त्या खड्याशेजारून पाणी जात होतं. एवढ्याशा दाण्यापायी पन्नास लिटर!

मोबाइलवर फोटो काढून दुकानात गेले. दुकानदार काका हसले. "ताई, फोटोवर वॉशर नाही मिळत. जुना नग घेऊन या." परत घरी, परत दुकान, भर उन्हात, दुपट्टा तोंडाला बांधून. काकांनी जुनी चकती नव्यावर ठेवली, दोन्ही उजेडात धरल्या, आतली-बाहेरची कड जुळवली. दोन नाकारल्या, तिसरी दिली. सिलिकॉनची, चाळीस रुपये. "हे काळं नाही होणार," म्हणाले. "पण बसवण्याआधी बैठक साफ करा. सुरीने खरवडू नका, ओरखडा पडला की नवा वॉशरही गळते."

बैठक मी व्हिनेगरच्या फडक्याने पुसली, बोट फिरवून पाहिलं, कुठे खरखर लागली की पुन्हा पुसली. वॉशर चढवला, मनोरा बसवला, कॉक उघडला आणि सगळं पाणी सरळ भांड्यात! टाकी भरेचना. दोन मिनिटं जीव घाबरला. मग कळलं, मनोरा नुसता टेकला होता, अडकला नव्हता. दाबून फिरवला तेव्हा "खट्" झालं. हा खट् ऐकू येईपर्यंत पाणी सोडू नये.

पुन्हा जिलबीचा रंग, पुन्हा वीस मिनिटं. या वेळी चाळीस केली. भांडं पांढरंस्वच्छ. सासूबाईंनीही चष्मा लावून टॉर्चने तपासलं आणि म्हणाल्या, "हाव, नाही गळून रायलं." त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

जुना फ्लोट व्हॉल्व्ह चांगलाच होता, तो आता कपाटात पडून आहे. आणि ज्या अँगल कॉकवर मी अर्धा तास जोर लावला, त्याच्या दांडीतून आता थेंब पडतो. दांडीवरचा नट थोडा आवळला, कमी झाला, थांबला नाही. खाली गडवा ठेवलाय, संध्याकाळपर्यंत अर्धा भरतो. पाणी स्वच्छ आहे, पण संडासातलं म्हणून सासूबाई तुळशीला घालू देत नाहीत. मी ते कूलरमध्ये ओतते. प्लंबर रविवारी येतो म्हणालाय.